मागचे पाटे आणि काकू

समस्त बडोदेकरांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येते की, आमच्या काकांच्या जुन्या मोटारीचे मागचे स्प्रिंगचे पाटे अखेर बदलले गेले. गल्लीत नव्या चकचकीत गाड्या येत होत्या, आणि काकांची मोटार मागून बसलेली. दोष काकूंच्या वजनाचा, असं जाहीर करून काका त्यांना लग्नकार्याला रिक्षानं पाठवत. काकूंनी श्रीखंड सोडलं, तरी मागची सीट मिळाली नाही.

नवे पाटे बसताच काकांनी चाचणीसाठी शेजारी जमवले. “बस गं आत, कळू दे सगळ्यांना तुझं वजन!”

काकू बसल्या. मोटार तसूभरही खाली गेली नाही. हिरमुसून काका स्वतः शेजारी बसले, आणि मोटार कुरकुरत खाली गेली. आम्ही निर्लज्जपणे टाळ्या पिटल्या.

काकू ओरडल्या, “उतरा आधी! नवे पाटे आहेत, तुम्ही रिक्षानं या!”