ताडपत्रीवरची नदी

माझ्या मावशीला शाळेची मुलं पाणलोटबाई म्हणत. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. पुलाखालच्या जुन्या पंपघरात ती मुलांना नदी शिकवायची. पंप दुसरीकडे हलले तेव्हा नगरपालिकेनं ती खोली तिला आणि काकांना देऊन टाकली, बहुधा दुसरं कुणी मागत नव्हतं म्हणून. भिंतीला ओल, दाराला गंज, पण खिडकी उघडली की खाली थेट पाणी. फळीवर गाळाच्या आणि वाळूच्या बरण्या, काचेच्या टाकीत गोगलगायी, आणि खुंट्यांना उलटे टांगलेले लहान लहान गमबूट. स्वतःला मूल नाही आणि बूट मात्र अख्ख्या वर्गाचे, असं माझी आई म्हणायची. आई तिची मोठी बहीण, तिला असं बोलायचा परवाना होता.

मावशीची शिकवायची पद्धत तिची स्वतःची. आधी जमिनीवर बादल्या आणि स्टुलं मांडायची आणि त्यांवर मोठी निळी ताडपत्री टाकायची. हे झाले डोंगर. ताडपत्रीची कड सगळ्या मुलांनी दोन्ही हातांनी उचलून धरायची. प्रत्येकानं आपलं घर म्हणून बाटलीचं एक झाकण उतारावर ठेवायचं आणि त्याच्याशेजारी चिमूटभर रंग. रंग म्हणजे घरातला साबण, तेल, उरलंसुरलं औषध, जे काही आपण मोरीत ओततो ते. मग मावशी झारी घेऊन डोंगरावर पाऊस पाडायची. पाणी घराघरातला रंग उचलत खाली यायचं आणि ज्याचे हात दमून खाली आले असतील त्याच्या बुटांवर बदाबदा सांडायचं.

त्या मुलाला कुणी हसायचं नाही, हा नियम. नदी दमलेल्याकडेच येते, मावशी सांगायची. मग ती त्याला विचारायची, "तुझ्याकडे काय काय आलं?" मूल खाली बघायचं. लाल कुणाचं, हिरवं कुणाचं, काही ओळखू यायचं नाही, सगळा चॉकलेटी रबडा. "सगळ्यांचं आलं," ते म्हणायचं. मीही लहानपणी एकदा म्हटलेलं आहे, आणि मोज्यात शिरलेलं ते गार पाणी अजून आठवतं.

त्यानंतर सगळ्यांनी खाली नदीवर जायचं आणि दगड उलटून बघायचे. दगडाच्या पोटाला चिकटलेल्या अळ्या, वाळूचा एकेक कण जोडून त्यांनी बांधलेली घरं. बघून झालं की दगड होता तसाच, पोट खाली करून ठेवायचा. यात हयगय केलेली तिला खपायची नाही. एरवी मऊ असलेली ही बाई उलट्या राहिलेल्या एका दगडासाठी सबंध वर्गाला पाण्यात परत पाठवायची.

वर्ग गेला की ताडपत्री उन्हात वाळवायची आणि दोघांनी मिळून घडी घालायची. एक टोक काकांकडे, एक तिच्याकडे. घडी घालत जवळ येत हाताला हात लागला की काका म्हणायचे, झालं, दोन्ही काठ एक झाले. प्रत्येक वेळी हेच, आणि प्रत्येक वेळी मावशी कपाळाला आठ्या घालायची. काका गेल्यावर ती एकटीच ताडपत्री कशीबशी गुंडाळून कोपऱ्यात उभी करू लागली. ओलसर राहून ती सुरकुत्यांवर चिरायला लागली. शेजारचं कुणीतरी बोलव, मी म्हणायचे. ती म्हणायची, घडीसाठी कुणाला बोलवायचं? मला ते ऐकून रागच यायचा.

मग शाळा येईनाशा झाल्या. बसचा खर्च परवडत नाही, पालक ओल्या मोज्यांची तक्रार करतात, आणि आता वर्गातल्या पडद्यावर सगळं दिसतं. वर्षभर बूट कोरडेच टांगलेले. मावशी तरी रोज कुलूप काढून जायची, गोगलगायींचं पाणी बदलायची, फरशी पुसायची आणि संध्याकाळी परत यायची. घरी तरी कोण होतं? शेवटी शिक्षण खात्यानं कळवलं, एक अधिकारी बाई एका वर्गाबरोबर येतील, बघतील. उपयोगाचं वाटलं तर खोली राहील, नाहीतर सुट्टीनंतर बंद. मावशीनं मला हे फोनवर इतक्या शांतपणे सांगितलं की ती घाबरलीय हे मला लगेच कळलं. येशील का त्या दिवशी, असं तिनं विचारलं. तिनं आजवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी रजा टाकली.

मुलं आली, बूट घालताना मारामारी झाली, डावा-उजवा उलटसुलट झाला. मावशीचे डोळे इतके चमकत होते की मला बघवेना. ताडपत्री उचलली, झाकणं ठेवली, पाऊस सुरू झाला, आणि निम्म्या वाटेत पाणी एका चिरेतून खाली गळून गेलं. नदीच गायब. पोरं खो खो हसली. अधिकारी बाईंनी मान वर केली. आता संपलं, असं मला वाटलं.

मावशीनं झारी खाली ठेवली. "हे जमिनीत मुरलं," ती म्हणाली. "विहिरीत जाईल ते. सगळंच पाणी नदीला मिळत नाही, काही पोटात राहतं." सगळे वाकून ताडपत्रीखाली विहीर बघायला लागले. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या पावसात नदी एका बारक्या मुलीकडे गेली. मावशीनं तिला विचारलं, आणि ती म्हणाली, "सगळ्यांचं आलं. माझं पण."

मुलं बसमध्ये चढल्यावर अधिकारी बाईंनी मावशीचे दोन्ही हात धरले. "इतकं छान शिकवलेलं मी कुठं पाहिलं नाही, बाई. सगळं मोबाइलवर घेतलंय मी. आता प्रत्येक शाळेत हेच दाखवू. मुलांना इथवर यायची गरजच उरणार नाही."

केसानं गळा कापला म्हणावं तर बाई मनापासून भारावलेल्या होत्या. मी तोंड उघडणार होते, पण मावशीनं माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यांना ती "बरं" म्हणाली, आणि बस वळेपर्यंत दारात उभी राहिली.

हजारो मुलं बघतील तुला, मी समजूत घालायला गेले. ती बूट उलटे टांगत होती, या वेळी ओले. "त्यात नदी कायम त्या एकाच मुलीकडे जाणार गं," ती म्हणाली. "बाकीच्यांचे हात कधी दमायचे?"

मी म्हटलं, चल, घडी घालू. ताडपत्री वाळली नव्हती, पण वाळवायची तरी कुणासाठी? बादल्या आणि स्टुलं काढून आम्ही दोन टोकं धरली आणि उचलली. सुरकुत्यांत बरंच पाणी उरलं होतं. ते आधी मधे जमलं, जरा घुटमळलं, आणि मग हळूहळू तिच्या बाजूला निघालं. तिचे हात खाली आले होते. तिला ते दिसत होतं, पण तिनं ते वर केले नाहीत. रंगाचा सगळा रबडा तिच्या चपलांवर सांडला.

काहीतरी बोलायला हवं म्हणून, जुन्या सवयीनं, मी विचारलं, "तुझ्याकडे काय काय आलं, मावशी?"

तिनं खाली पायांकडे बघितलं.

"सगळ्यांचं सगळं आलं गं," ती म्हणाली. "माणूस तेवढं कुणी राहिलं नाही."

मला रडू आलं. पण माझे दोन्ही हात ताडपत्रीला होते, आणि टोक सोडून चालणार नव्हतं. मी तसंच ते उचलून धरलं आणि घडी घालत घालत तिच्याकडे चालत गेले.