आक्काला लागलेला दम

मंचरला आमची एसटी कांद्याच्या ट्रकांमागे अडकून पडली. शेजारी किसन बसला होता. तो माझा बँकेतला सोबती. तंबाखू नाही, दारू नाही, रोज सकाळी फिरायला जाणारा. तरी मागच्या हिवाळ्यात त्याला हार्ट अटॅक आला. लहानपणी काय खायचात, असंही डॉक्टरांनी त्याला विचारलं. बालपण गरिबीत गेलं असेल, तर पुढे पैसा आला तरी हा धोका जास्त राहतो, असं ते म्हणाले. तेव्हापासून त्याला डोंगरात राहणाऱ्या थोरल्या बहिणीची काळजी लागली. तिला तपासणीसाठी खाली आणायला आम्ही निघालो होतो.

घोडेगावहून जीप मिळाली. डिंभे धरणाचं पाणी बराच वेळ सोबतीला होतं. पुढे टायर पंक्चर झालं आणि शेवटचा चढ पायी चढावा लागला. खाचरांतला (बांध घातलेल्या शेतांतला) भात कापून झाला होता.

आक्का अंगणात नाचणी पाखडत होती. तिने आम्हाला भाकरी आणि उडदाचं कालवण वाढलं. जेवताना किसनने विषय काढला.

"मला काय व्हतंय?" आक्का म्हणाली. "चढाला दम लागतो, त्यो काय सगळ्यांनाच."

"डाक्टर इचारत व्हते, ल्हानपणी काय खायचात म्हणून."

"मंग काय सांगितलंस?"

"नाचणीची पातळ आंबील. ती बी पावसाळ्यात पुरायची नाय."

आक्काने त्याच्या ताटात आणखी कालवण वाढलं. "तुला आश्रमशाळेत दोन येळा मिळत तरी व्हतं. मी हितंच व्हते. मंग माझं तर लईच बिघडलं असंल की रं."

किसनने ताट बाजूला सारलं. आक्काच उठली, लुगडं बदलून आली आणि मला म्हणाली, "चला पावणं, उजेड हाय तवर उतरू."

मंचरच्या डॉक्टरांनी ईसीजी पाहिला आणि आजच पुण्याला न्या म्हणाले. परतीच्या एसटीत आक्का किसनच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. तो जराही हलला नाही.

पुण्यात तिच्या दोन रक्तवाहिन्या तुंबलेल्या निघाल्या. डॉक्टरांनी त्या वेळेवर मोकळ्या केल्या आणि आक्का सुखरूप घरी गेली.

किसन आणि मी एकाच वयाचे, एकाच दिवशी नोकरीला लागलेले. माझ्या लहानपणी दुधाचा पेला न मागता समोर यायचा, आणि मी तो नको म्हणून रडायचो. आम्ही दोघांनी एकाच जागेवरून सुरुवात केली, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो.