यादीत नसलेली फाइल

रोह्याच्या एका कंपनीत मी संगणक विभाग सांभाळत होतो. निवृत्त होऊन पेणला, रामवाडीत राहायला आलो त्याला बरीच वर्षं झाली. त्या कंपनीतली एक गोष्ट मी आजवर घरातही सांगितलेली नाही.

हजेरीचा तयार प्रोग्राम आम्ही विकत घेतला होता. मोठ्या साहेबांना खूश करायला मी त्याच्या फाइलमध्ये शिरलो, बनवणाऱ्याचं नाव खोडलं आणि आमच्या कंपनीचं घातलं. तेवढाच बदल. ती फाइल हजेरी नोंदवणाऱ्या मुलीच्या संगणकावर बसवली. ती निडीहून गाडीने यायची, कंत्राटावर होती.

पुढे कंपनीची माहिती बाहेर जाते असा संशय आला. तपासायला बाहेरून एक माणूस आला. प्रत्येक फाइलवरून गणिताने एक लांबलचक खूण निघते, तिला हॅश म्हणतात. आतलं एक अक्षर बदललं तरी खूण पार वेगळी. माहीत असलेल्या फाइलींच्या खुणांची यादी त्याच्याजवळ होती. जुळल्या त्या त्याने बाजूला काढल्या. मुलीच्या संगणकावरची एक उरली.

"यादीत नाही म्हणजे वाईटच असं नाही," तो म्हणाला. "फक्त ओळखीची नाही. कोणी बसवली ते सांगा, विषय संपला."

तिने माझ्याकडे पाहिलं. "सायेब, तुमीच बसवलीत ना?"

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

संध्याकाळी कंपनीने तिचा गेटपास काढून घेतला, नोकरी गेली.

यंदा निडीला गेलो. ती आता डोलवीला कंत्राटदाराच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासते. मला दारात बघून शेजारीण ओरडली, "गो व्हायरसवाली, पाव्हणा आलाय बघ!"

मी सगळं कबूल केलं. लिहून देतो म्हणालो.

"कागद कोनाला दाखवू? कंपनी कवाच बंद झाली," ती म्हणाली. "ही भायेर उभी हाय ना, तिला सांगा. गावभर करायला तिला येळ नाय लागत."

शेजारीण कपडे वाळत घालत होती. मी तिच्याजवळ गेलो.

"काय वो, कुठले तुमी?"

"पेणचा," मी म्हणालो. "पेणची गाडी कितीला आहे?" एवढंच विचारलं.

तिने वेळ सांगितली. मी स्टेशनकडे चालू लागलो. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

ती फाइल मी बदलली होती, मीच बसवली होती. त्या मुलीचा काही दोष नव्हता. निडीत हे कोणी वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. नाहीतर एवढंही लिहायचं धाडस मला झालं नसतं.