दर सोमवारी बिघडणारा ड्रम

"ही बघ, सरपंचाच्या सुनंला मिशी आली," हिरामावशी म्हणाल्या आणि त्यांनी झेरॉक्स माझ्या नाकासमोर धरली.

खरंच आली होती. ओळखपत्राच्या प्रतीवर एक आडवा काळपट पट्टा नेमका वरच्या ओठावरून गेला होता. त्याखाली आणखी एक पट्टा, त्याखाली तिसरा. मला हसू फुटलं आणि लगेच आतल्या आत रडूही फुटलं. कारण हे तिसऱ्यांदा होत होतं. तीन आठवड्यांत तीन नवे ड्रम, आणि तिन्ही ड्रमना तोच रोग.

मी कॉपिअर मशीनची सर्व्हिस इंजिनिअर आहे. ऑफिस महापेला, राहायला करंजाडे, आणि कॉल अख्ख्या नवी मुंबईत. हिरामावशींचं दुकान सारसोळे गावात, जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, त्यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत. पूर्वी त्या मासळी विकायच्या. गुडघे गेले तेव्हा डॉक्टरांनी बाजारात बसायला मनाई केली. मग त्यांनी आमच्या कंपनीकडून एक मोठं कॉपिअर भाड्याने घेतलं. नेरूळच्या कॉलेजची मुलं प्रोजेक्ट घेऊन त्यांच्याकडे येतात, कारण मावशी पानं सरळ लावून देतात आणि वर मुलांच्या स्पेलिंगच्या चुका सोडून बाकी सगळ्या चुका काढतात.

"पोरी, या मिशीचं कायतरी कर. सकाळीच एका पोराचा प्रोजेक्ट परत आला. सर बोलले, ही काय शोकपत्रिका हाय?"

मी पट्टी काढली. डॉक्टरकडे स्टेथोस्कोप असतो, आमच्याकडे सहा इंची पट्टी असते. दोन पट्ट्यांमधलं अंतर मोजलं. चौऱ्याण्णव मिलिमीटर. पुन्हा मोजलं. चौऱ्याण्णव.

हे मोजायचं कारण सोपं आहे. मशीनच्या पोटात बरेच रोलर फिरतात आणि प्रत्येकाचा घेर वेगळा असतो. रोलरवर एका जागी डाग असेल तर तो प्रत्येक फेरीला एकदा कागदावर उमटतो. म्हणून दोन डागांमधलं अंतर म्हणजे गुन्हेगाराच्या कमरेचं माप. चौऱ्याण्णव म्हणजे ड्रम. ड्रम ही लाटण्यासारखी लांब, चकचकीत नळी. तिच्यावर प्रकाशाला जागणारा एक नाजूक थर असतो. मशीनच्या अंधारात लेझर त्या थरावर अक्षरं काढतो. जिथे प्रकाश पडला तिथे काळी पावडर चिकटते, आणि तिथून ती कागदावर उतरते. थर एका रेषेत खराब झाला की तिथे कायम पावडर चिकटणार. मग कुणाला मिशी, कुणाला गंध.

गुन्हेगार सापडला होता. पण त्याला बिघडवत कोण होतं? असा ड्रम वर्ष-दीड वर्ष आरामात चालतो. इथे एक आठवडासुद्धा टिकत नव्हता.

माझं उत्तर तयार होतं. माझं वाचन पत्रकांवर झालं आहे. बाबा कामगार संघटनेत होते. मोर्चात हातात पडलेलं प्रत्येक पत्रक ते घरी आणायचे आणि मला मोठ्याने वाचायला लावायचे. त्यामुळे कुठेही काही बिघडलं की मला आधी अन्याय दिसतो, स्क्रू नंतर दिसतो. मी ठरवून टाकलं की आमच्या स्टोअरमधून जुने ड्रम धुऊनपुसून नव्या खोक्यात घालून पाठवले जात आहेत. गरीब ग्राहकांना! गावातल्या बाईला!

ऑफिसला येऊन मी मेल लिहिला. विषय: ‘ग्राहकांची ही फसवणूक तात्काळ थांबवा!!!’ तीन उद्गारचिन्हं. स्टोअरकीपर बिपिन, सर्व्हिस मॅनेजर खानोलकर सर, त्यांचे सर आणि त्यांचेही सर, सगळ्यांना पाठवला.

बिपिन धावत आला. "अगं बाई, सीलबंद खोकी होती! सील तूच फोडलंस ना तिन्ही वेळेला?"

"सील काय, कुणीही लावेल."

"कोण लावेल? मी? मला साधं गिफ्ट पॅक करता येत नाही!"

खानोलकर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते शांत होते. ते शांत असले की आम्ही घाबरतो.

"तीन ड्रम गेले. बाई काहीतरी करतेय. सर्व्हिस रिपोर्टवर ‘कस्टमर मिसयूज’ला टिक कर आणि सही कर. सोमवारी गाडी पाठवतो, मशीन उचलून आणू."

"काय करणार सर त्या? ड्रमवर पोळ्या लाटणार?"

"ते मला माहीत नाही."

"माहीत नाही तर मी सही करणार नाही."

"मग सोमवारच्या आत कारण आण. भाषण नको, कारण."

मला राग आला. पण राग आला की मी कागदपत्रं काढते, ही एक चांगली सवय बाबांकडून आली आहे. कॉल रजिस्टर उघडलं. हिरामावशींच्या तीन तक्रारी. पहिली सोमवारी सकाळी. दुसरी सोमवारी सकाळी. तिसरी, सोमवारी सकाळी.

मी खुर्चीत हळूहळू खाली घसरले. जुना ड्रम खोक्यात भरला असता तर तो मंगळवारीही बिघडला असता, गुरुवारीही. ड्रमला वार कळत नाही. म्हणजे जे काही होत होतं ते रविवारी होत होतं, आणि रविवारी मावशींचं दुकान बंद असतं. चौथा ड्रम मिळणार नव्हता आणि बिपिन माझ्याशी बोलत नव्हता. मावशींचं मशीन वाचवायला माझ्या हातात फक्त येणारा रविवार होता.

रविवारी सकाळी साडेनऊला स्कूटर सारसोळ्यात लावली. दुकानाचं शटर अर्धं उघडं. मी वाकून आत पाहिलं. मशीनचं पुढचं झाकण सताड उघडं, आणि ड्रमची जागा रिकामी.

घरामागे अंगण आहे. तिथे बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले होते, तोंडात तोंड अडकवून, रांगेने. त्यांच्या पलीकडे खाटेवर धुतलेला पांढरा टॉवेल. टॉवेलवर आमचा ड्रम. ऐन उन्हात. कावळ्यांनी चोच मारू नये म्हणून वर नातवाच्या पाळण्याची मच्छरदाणी. शेजारी हिरामावशी, हातात काठी, राखणीला.

मी किंचाळले. कावळे उडाले.

"ओरडतेस काय? पोरगा झोपलाय!"

"मावशी, हे काय करताय?"

"दिसत नाय? सुकवते."

"ड्रम कशाला सुकवायचा?"

मावशींनी माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मीच वेडी. "तूच बोललीस ना! जुना ड्रम बदललास तवा, बॅग भरता भरता. ‘मावशी, तुमचं दुकान खाडीला लागून हाय, इथं हवेत ओल. ड्रमला ओल सोसत नाय, जपा.’ मंग मी जपते. दर रविवारी अर्धा तास. जास्त नाय हां. आनि पलटत नाय, पावडर सांडते."

मी टॉवेलच्या कडेला बसले.

बोलले होते मी. अगदी तसंच. आणि पुढचं वाक्य बोललेच नव्हते, कारण मला पुढचा कॉल होता. ड्रमचा थर लेझरच्या बारीकशा प्रकाशाला जागतो. त्याला सारसोळ्याचं ऊन म्हणजे कानाजवळ तोफ. ड्रम ज्या प्लास्टिकच्या पेटीत बसवलेला असतो तिला एका बाजूने लांब फट असते. पलटत नसल्यामुळे ऊन बरोबर त्या फटीतून एकाच रेषेवर पडायचं. म्हणून पट्टा एक, सरळ, आणि दर फेरीला तोच. इतकं नेटकं काम मी लॅबमध्येही पाहिलं नव्हतं.

"पण तुम्हाला ड्रम काढता कसा आला?"

"तुझे हात बघून. हिरवी खिट्टी खाली, मंग वढायचं. तीनदा दाखवलंस."

पेटीवर सूर्याच्या चित्रावर फुली मारलेला स्टिकर होता, करंगळीच्या नखाएवढा. खाली इंग्रजी. मी तो दाखवला.

"ही का? मला वाटलं कंपनीची निशानी."

मला हसू यायला लागलं. आधी थोडं, मग थांबेचना. मावशी आधी रागावल्या, मग मी सगळं समजावल्यावर त्यांनी टॉवेलकडे, मच्छरदाणीकडे, काठीकडे पाहिलं आणि त्यासुद्धा सुटल्या. नातू उठून रडायला लागला तरी आम्ही दोघी डोळे पुसत होतो.

मग त्या एकदम थांबल्या. "मंग मशीन जानार?"

मी रिपोर्ट काढला. त्यावर दोनच चौकोन होते. ‘मशीन फॉल्ट’ आणि ‘कस्टमर मिसयूज’.

"लिही ना, उंदीर शिरला," मावशी म्हणाल्या.

"खोटं नाही लिहिणार मी, मावशी."

"मंग खरं लिही आनि मला मासळीची पाटी घेऊन बाजारात बसव. या गुडघ्यांवर."

त्या ओरडल्या नाहीत. साधं सांगितलं, आणि तेच वाईट होतं. मशीनची चूक नव्हती. मावशींचीही नव्हती, त्यांनी ऐकलेलं तंतोतंत पाळलं होतं. मी पेनाने खाली तिसरा चौकोन काढला. शेजारी लिहिलं, ‘इंजिनिअरची चूक. ग्राहकाला अर्धवट सूचना दिली.’ टिक केली, सही केली.

सोमवारी खानोलकर सरांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

"वाळत घातला?"

"हो सर."

"बोंबलाशेजारी?"

"मध्ये अंतर होतं सर. आणि खाली टॉवेल."

"आणि वर?"

"मच्छरदाणी."

सरांच्या हातातला चहा रिपोर्टवर सांडला. बारा वर्षांत त्यांना कुणी असं हसताना पाहिलं नव्हतं. शिपाई दारात येऊन उभा राहिला. सर शांत झाले तेव्हा त्यांनी गाडी रद्द केली, चौथ्या ड्रमच्या चिठ्ठीवर सही केली आणि मला मेमो दिला. ‘ग्राहकास अपुरी माहिती दिल्याबद्दल.’ मेमो बरोबर होता. मी तो भांडण न करता घेतला. हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

बिपिनची माफी मी त्याच सगळ्या लोकांना मेल करून मागितली. एकही उद्गारचिन्ह नाही. त्याने स्टोअरमधून चौथा ड्रम आणून दिला आणि म्हणाला, "घे. धुऊनपुसून ठेवलाय."

नंतरच्या सोमवारी सारसोळ्यातून फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही सोमवारी नाही. मावशी आता कागदाची रिमं कपाटात, उबेसाठी लावलेल्या छोट्या बल्बखाली ठेवतात. ओल खरं तर कागदालाच लागत होती.

या धंद्यात मी एवढंच शिकले. ग्राहकाला ‘जपा’ म्हणून निघून जायचं नसतं, कसं जपायचं तेही सांगायचं असतं. नाहीतर माणूस आपल्या अकलेने जपतो. मावशींची अक्कल चांगली आहे, म्हणून तर ते इतकं नीट, वेळेवर आणि दर रविवारी झालं.