अंगठ्याचं नख

लढाईच्या दिवसांत कल्याणला एका म्हाताऱ्या कंपाउंडरनं प्रथमोपचाराचा वर्ग घेतला. तो करून मी शहापूरला परतलो तो थेट धन्वंतरी होऊनच. आठवडाभर शाळेत मास्तरकी आणि रविवारी माहुलीचा डोंगर, हा माझा जुना नाद. आता त्यात तिकोनी पट्ट्यांची भर पडली. आम्ही चौघं मित्र वाटेत थांबायचो, एकाला आडवा पाडायचो, त्याचा पाय मोडला असं ठरवायचो आणि बांधायचो. जखमी व्हायला आमच्यातला टपालवाला कायम तयार. बिचारा रोज पाड्यापाड्यांतून टपाल वाटत कोसकोस चालायचा. रविवारी पट्ट्यांत गुंडाळून सावलीत पडायला मिळालं की गडी सरळ घोरायचा.

मला माझ्या गाठींचा भारी तोरा. धरणीकंप झाला तरी सुटणार नाहीत, असं मी सांगत फिरायचो.

एका रविवारी टपालवाला खरोखरच पडला. सुटा दगड पायाखालून सरकला आणि नडगी मोडली. घामानं डबडबला होता, पण ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मास्तर, पाय गेला तर नोकरी गेली. घरात पाच माणसं खाणारी आहेत."

मी बांबूच्या कामट्या लावल्या, गच्च बांधलं. इतकं सुबक की दोघा मित्रांनी वाहवा केली. घोंगडीची झोळी करून आम्ही त्याला खाली आणायला लागलो. थोड्या वेळानं तो म्हणाला, पाय फार ठणकतोय. "हाड मोडलंय, ठणकणारच. गप पड," मी खेकसलो. पुढे मुंग्या येऊन पाय बधिर झालाय म्हणाला, तर मला वाटलं, वा, आराम पडला.

वाटेत एक बाई मोळी घेऊन उतरत होती. आम्हाला बघून तिनं मोळी खाली टाकली. माझ्या गाठींकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. त्याच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं. नख पांढरं झालं ते पांढरंच राहिलं.

"दादा, ह्ये सोडा."

"हाड हलेल," मी म्हणालो.

"मोळी आमी आवळून बांधतो, कारन लाकूड सुकून बारीक व्हतं. पाय सुकत नाय, फुगतो."

मी गाठ सोडायला गेलो, ती सुटेना. तिनंच माझ्या त्या धरणीकंपाच्या गाठी दातांनी उकलल्या. कामट्या जागच्या हलू दिल्या नाहीत. पायाच्या कडेनं मऊ गवत भरलं आणि पट्टीखाली बोट जाईल इतकी ढील ठेवून पुन्हा बांधलं. मग नख दाबलं. आम्ही सगळे वाकून बघत होतो. आधी काहीच होईना. मग कडेनं गुलाबी रंग हळूहळू आत सरकला. एवढंसं नख, पण मला हात जोडावेसे वाटले. वर्गात मी काय शिकलो होतो, देव जाणे.

"वाटंनं दाबून बघत जा," ती म्हणाली.

हे तुला कुणी शिकवलं, मी विचारलं.

"माज्या घरच्याचा पाय असाच बांधला व्हता. तवा मला ठावं नव्हतं." तिनं मोळी डोक्यावर घेतली आणि गेली.

चार महिन्यांनी टपालवाला पुन्हा वाटेला लागला. मी गुळाची ढेप घेऊन तिचा पाडा शोधत गेलो. ती चुलीपाशी होती. दारात तिचा नवरा दोर वळत बसला होता. उजवा पाय गुडघ्यापासून नव्हता. मी कोण ते सांगितलं.

दोर वळायचा थांबून त्यानं विचारलं, "तो टपालवाला चालतो का?"

"चालतो. रोज."

त्यानं मान वळवून आत हाक दिली, "ऐकलंस का गो? चालतो म्हंतात."