तिची तक्रार तुम्ही सांगा

नवरा-बायकोची भांडणं सोडवणाऱ्याकडे किस्से किती साठतात म्हणून सांगू! भांडण मिटतं, माणसं आपल्या घरी जातात, किस्सा तेवढा आपल्याकडे राहतो.

शिरपूरची शाळेतली नोकरी सोडून मी समाजकार्य शिकले आणि धुळ्याच्या एका सल्ला केंद्रात बसू लागले. माझा नियम एकच. आपली तक्रार आपण सांगायची नाही! तिची त्याने सांगायची, त्याची तिने. आणि गंमत म्हणजे बहुतेकांना ती अचूक सांगता यायची. मी माझ्या पद्धतीवर जाम खूश!

*

एका जोडप्याला तर ही पद्धत इतकी जमली, की बायको सासूच्या बाजूने भांडू लागली आणि नवरा ओरडला, "मग मी काय मोलकरीण आहे?"

*

एकदा नवऱ्याऐवजी त्याचे काकाच बोलत होते. मी म्हटलं, "आबा, तुमच्या घरी भांडणं होत नाहीत?"

"छे! आम्ही बोलतच नाही ना!"

*

महिला मंडळात माझं भाषण होतं. मी आवेशात सांगितलं, "दिवसातून एकदा तरी दोघं सोबत जेवा!"

शेवटच्या रांगेतून एक हात वर आला. आमचे हे! "मॅडम, किती वाजता?"

हॉल हसून हसून लोळला. हे रोज मोपेड घेऊन मला न्यायला येत आणि केंद्राबाहेरच्या बाकावर ताटकळत. माझी शेवटची केस काही लवकर संपत नसे.

*

शिरपूरजवळच्या रमेश आणि कमलची केस मात्र हाताबाहेर गेलेली. कमलचा भाऊ तिचा संसार माहेरी न्यायला टेम्पो घेऊनच आला होता. मी रमेशला विचारलं, "तिची तक्रार काय?"

हा मुखदुर्बळ माणूस. पण लगेच अहिराणीत बोलला, "ताई, मी चार माणसंमा तिना सयपाकले नावं ठेवस." मग खाली बघून हळूच, "एकला ऱ्हास तवय बोटं चाटस."

एकटा असताना बोटं चाटतो, हे ऐकून कमल आधी रडली, मग हसली. टेम्पो रिकामा परतला!

*

हे गेले, तेव्हा रमेश आणि कमल सांत्वनाला आले. रमेश म्हणाला, "ताई, त्या दिवशी माले काय माहीत, हिले काय लागस ते? तुमना साहेबनी बाहेर बाकवर हिले इचारं, मंग मना कानमा सांगं. आत जाईसन हेच बोल म्हने, लवकर सुटशी."

"फक्त तुम्हालाच?"

"नही ताई. बाकवर बसेल बठ्ठासले!"

म्हणजे बाकावरच्या सगळ्यांनाच! कमल म्हणाली, "मी बी साहेबले इचारं व्हतं. ताईनी तुमनाबद्दल काय तक्रार शे?"

"मग? काय म्हणाले?"

"म्हने, 'मी तिला न्यायला फार लवकर येतो.'"