चिमणी फक्त बनुबाईंची

चिमणी हे आमच्या म्हशीचं नाव. ती गोठ्यात शिरताना दोन्हीकडची चौकट घासून शिरायची, तरी नाव चिमणी. ते ठेवलं होतं माझ्या सासूबाईंनी, बनुबाईंनी, आणि त्यांच्या शब्दापुढे घरात कुणाची डाळ शिजत नसे. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. काष्टीच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांजवळ आमची वस्ती होती. माझा नवरा साखर कारखान्यात कामाला, महिन्यातून एकदा यायचा. एरवी घरात आत्याबाई, सासरे कारभारी मामा आणि मी.

चिमणीची एक खोड होती. आत्याबाईंशिवाय दुसऱ्या कुणाचा हात कासेला लागला की ती पान्हा चोरायची. मी एकदा बसून पाहिलं, तर तिनं बादली आणि मी, दोघींना उकिरड्यापर्यंत पोचवलं.

सत्तर सालच्या दिवाळीनंतर आत्याबाईंची बोटं सुजली. सकाळी मूठ वळेना, लुगड्याची गाठही मीच मारून द्यायची. श्रीगोंद्याला शामकांत डॉक्टर म्हणून तरुण, अभ्यासू माणूस होता. त्यांनी संधिवात सांगितला आणि लाल-पिवळ्या गोळ्या दिल्या. म्हणाले, "हे खरं तर जंतूंवरचं औषध. पण काही जणांच्या सांध्यांना गुण येतो. बरेच महिने घ्यावं लागेल. भरपूर पाण्याबरोबर घ्या."

आता धारेचं काय? मामांनी उपाय काढला. पहाटे स्वतःच आत्याबाईंचं हिरवं लुगडं नेसायचं, डोक्यावरून पदर घ्यायचा आणि मुकाट्यानं म्हशीखाली बसायचं. वासाला भुलून चिमणी निम्मं दूध द्यायची. एकदा शेजारच्या बायडाबाईंनी मागून हाक मारली, "बनुबाई, बोटं बरी झाली व्हय?" मामा नुसतेच खोकले. तो खोकला मिशीवाल्याचा आहे हे बायडाबाईंना कळलं आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या वस्तीला कळलं. मामा संतापले. "जेठापत्तूर बोटं वळली तर वळली, न्हाई तर चिमणी इकून टाकतो. आनखी किती दिस बाई व्हऊ?"

आत्याबाई उठून चिमणीपाशी जाऊन बसल्या. त्या दिवशी जेवल्याही नाहीत.

तीन महिने गोळ्या चालू होत्या. पहिल्या चार दिवसांतच पोटात आगीचा डोंब, मळमळ, जुलाब. पण पुढं पोट शांत झालं आणि आम्ही देवाला साखर ठेवली. बोटं मात्र होती तशीच. माघात पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोटं दाबून पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"गोळी कशाबरोबर घेता?"

"दुधाबरुबर," आत्याबाई मान ताठ करून म्हणाल्या. "पेलाभर, निरसं, चिमणीचं. तवापास्नं पोटात आग न्हाई."

"मी पाणी सांगितलं होतं ना?"

"तुमी सांगितलं. पर आमच्या दारात म्हैस हाय, ते तुमास्नी काय ठावं? म्हटलं, गरिबाघरचं समजून पानी सांगितलं आसंल."

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला, मग खो खो हसत सुटले. दुधात ही गोळी अडकून पडते, अंगाला लागतच नाही, म्हणाले. म्हणजे तीन महिने आम्ही औषध दुधात बुडवत होतो. मला रडावं की हसावं कळेना. आत्याबाई तर चोरी पकडल्यासारख्या बसल्या होत्या.

मग डॉक्टरांनी नीट समजावलं. आधी थोडं खायचं, पण दूध, दही, ताक नको. गोळीबरोबर तांब्याभर पाणी, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. ताक प्यायचं तर दोन-तीन तासांनी. आमच्याकडे घड्याळ नव्हतं, रेल्वे होती. सकाळची गाडी दौंडकडे गेली की मी ज्वारीच्या मऊ कण्या मीठ घालून पुढ्यात ठेवायची, वर गोळी. पुढची गाडी गेली की ताक. गाडीला उशीर झाला की आत्याबाई रेल्वेचा उद्धार करायच्या. अर्धा तास ताठ बसायचं म्हणून बायडाबाई गप्पांना यायच्या आणि त्या अर्ध्या तासात गावातल्या एकाही घराची खैर नसे. सुरुवातीला पोट कुरकुरलं, पण कण्यांनी सांभाळून घेतलं. चैत्र सरता सरता लुगड्याची गाठ त्या स्वतः मारू लागल्या.

धारेला मात्र बसेनात. "उद्या बघू," म्हणायच्या. मला कारण कळत होतं. बसल्या आणि नाही जमलं, तर चिमणी गेलीच.

जेठातल्या एका दुपारी नेवाशाकडचे आप्पासाहेब नावाचे शेतकरी खांद्यावर नवं दावं टाकून आले. मामांनी बाजारात त्यांना शब्द दिला होता. चहा झाला, म्हैस पाहून झाली. मग पाहुणे म्हणाले, "आता धारंच्या येळंपत्तूर बसतो. धार डोळ्यानं बघितल्याबिगर मी जनावर घेत न्हाई."

मामांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वलणीवरच्या लुगड्याकडे पाहिलं, पाहुण्याकडे पाहिलं आणि घाम पुसला. परक्या माणसापुढं लुगडं कसं नेसणार?

दिवस कलला तशा आत्याबाई उठल्या. "व्हा बाजूला," म्हणाल्या आणि बादली घेऊन बसल्या. पहिल्यांदा नुसताच हात फिरवला. मग बोटं वळली, आणि बादलीच्या तळावर धार वाजली. मध्ये तीनदा थांबून त्यांनी बोटं सरळ केली, पण बादली फेसानं काठोकाठ भरली. कित्येक महिन्यांनी चिमणीनं एवढं दूध दिलं होतं.

"पसंत हाय," पाहुणे खांद्यावरचं दावं उतरवत म्हणाले.

"मलाबी पसंत हाय," आत्याबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "मग इकू कशाला?"

पाहुण्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी हात जोडले. "पाव्हनं, शब्द मी दिला, चुकी माजी. पर म्हशीचं मालक मी न्हाई. मालक थितं बसल्यात."

आप्पासाहेब भला माणूस. हसले, पेलाभर दूध प्याले आणि गेले. आत्याबाई मात्र उठेनात. चिमणीच्या कुशीला डोकं टेकून, हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी घाबरून जवळ गेले.

"आत्याबाई, हात दुखतोय का?"

"दुखतूय की गं," त्या हसत म्हणाल्या. "लई दिसांनी कामानं दुखतूय."